डाळीच्या डब्यातली शिल्लक

माहुलीचा कृष्णेवरचा पूल आला तेव्हा सव्वासात वाजले होते. आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला म्हसवडला सिद्धनाथाच्या देवळासमोर बुटांच्या नाड्या बांधल्या होत्या. तिथून ऐंशीच्या आसपास किलोमीटर झाले होते आणि आता राहिले होते सात. पूल ओलांडायचा, हायवे पार करायचा, मग पोवई नाका, राजपथ, राजवाडा आणि तिथून आमची गल्ली. एरवी रविवारी चहाच्या आधी मी एवढं पळून येतो. त्या दिवशी मात्र कठड्याला हात टेकून उभा राहिलो आणि त्या साताकडे सावकाराच्या चिठ्ठीकडे बघावं तसा बघत बसलो.

ही कुठली स्पर्धा नव्हती. साताऱ्यात हिल मॅरेथॉनमुळे आता दर आळीत एकदोन पळणारे सापडतात, पहाटे यवतेश्वरच्या घाटात एकमेकांना हात करतात. मीही त्यातलाच. पण यंदा पन्नाशी उलटली आणि डोक्यात आलं की पंढरपूरच्या वाटेवरून एकदा उलट, घराकडे पळत यावं. घरी सांगितलं तेव्हा ही म्हणाली, "एसटी आहे की." त्यावर बोलण्यासारखं काहीच नव्हतं.

लांब पळणं म्हणजे पायांचं काम असं लोकांना वाटतं. खरं तर रात्रभर चालते ती घासाघीस. त्या बाभळीपर्यंत पळ, मग शंभर पावलं चाल. पुढचा किलोमीटरचा दगड आला की चिक्कीचा तुकडा मिळेल. पिंगळी आली की बसू. पिंगळी आली की म्हणायचं, आत्ता नको, पुसेगावात बसू. भाजीवालीशी करावी तशी स्वतःशीच हुज्जत, आणि दोन्ही बाजूंनी आपणच खोटं बोलतोय हे दोघांनाही ठाऊक.

दहिवडीला पोचलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजत आले होते. तिथून जवळच मोही, ललिता बाबरचं गाव. २०१६ साली रिओत ती तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली आणि दहावी आली. ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत भारतीय बाई ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठते, हे त्याआधी घडलं होतं १९८४ला, पी. टी. उषाच्या वेळी. ललिताने ते तीन हजार मीटर, वाटेतले अडथळे आणि पाण्याच्या उड्या धरून, साडेनऊ मिनिटांच्या आत संपवले होते. मला सपाट डांबरावर तेवढ्याच अंतराला पंचवीस मिनिटं लागत होती, आणि आडवं आलं होतं ते फक्त एक झोपलेलं रेडकू.

एकट्याने पळताना सगळ्यात मोठा धोका अंधाराचा नाही, माणसांच्या चांगुलपणाचा आहे. दर तासाभराने कुणीतरी मोटरसायकल हळू करायचा. "पावनं, गाडी बंद पडली काय? बसा की, साताऱ्यालाच चाललोय." एक दुधाचा टेम्पोवाला तर खाली उतरून मागचं फाळकं उघडायला लागला. शिवी देणाऱ्याला नाही म्हणणं सोपं असतं. अशा माणसाला नाही म्हणताना आपल्यालाच आपलं वागणं खोटं वाटायला लागतं.

पुसेगाव सोडल्यावर वर्धनगडचा घाट. चढाची भीती नव्हती, चढ चालत काढायचा हे ठरलेलंच होतं. जीव काढला तो उताराने. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी त्याला अंगाचं वजन अडवूनही धरावं लागतं. उतरत्या गाडीचा ब्रेक सतत दाबून ठेवावा तसं. तिथून पुढे माझ्या मांड्या माझ्या राहिल्या नाहीत. उजव्या अंगठ्याचं नख बुटाच्या टोकाला आपटत होतं. ते आता काळं पडणार आणि महिन्या-दीड महिन्यात गळणार, हे चालत्या गाडीत हिशेब करावा इतक्या शांतपणे मला कळत होतं.

कोरेगावात साडेचारला एक चहाची गाडी उघडी मिळाली. चहावाल्याने माझ्या डोक्यावरचा दिवा बघितला, मिठाने पांढरा पडलेला शर्ट बघितला.

"कुठनं आलाय?"

"म्हसवडहून."

"चालत?"

"पळत."

तो थोडा वेळ चहा ढवळत राहिला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "नवस बोलला होता काय?"

"नाही."

"मग वो?"

मला काही सांगता आलं नाही. त्याने चहाचे पैसे घेतले नाहीत. नवस नसताना पळणारा माणूस नवसवाल्यापेक्षा जास्त अडचणीत असणार, असा त्याने हिशेब केला असावा.

तर माहुलीचा पूल. जानेवारीची थंडी होती, कृष्णेवर धुकं अंथरलं होतं. ऊन पाठीमागून आलं आणि माझी सावली पुढे पडली, चांगली वीस हात लांब आणि माझ्यापेक्षा बरी पळणारी. समोर अजिंक्यतारा दिसत होता, माथ्यावरचा टॉवर उन्हात चमकत होता. साताऱ्याचा माणूस कुठूनही घरी येताना आधी हा टॉवर शोधतो. एसटीत टॉवर दिसला की लोक वरची बॅग काढायला उठतात. पळताना मात्र टॉवर दिसतो आणि अर्धा तास तेवढाच दिसत राहतो.

पुलाच्या पलीकडे एक तांबूस कुत्रं मागे लागलं. भुंकलं नाही, नुसतं बाजूने दुडक्या चालीने यायला लागलं. माहुलीच्या कुत्र्याचा मला मान राखायलाच हवा होता. शाहू छत्रपतींचा लाडका खंड्या कुत्रा, वाघाच्या तडाख्यातून महाराजांना वाचवलं म्हणून ज्याला पालखीचा मान मिळाला असं सांगतात, त्याची समाधी इथे संगमावर आहे, राजघराण्यातल्या माणसांच्या समाध्यांच्या शेजारात. मी खिशातलं शेवटचं पार्ले-जी काढून त्याला अर्धं दिलं. अर्धं मी खाल्लं. तेही कोरडं, मीही कोरडा, गिळायला दोघांनाही वेळ लागला. हायवेपर्यंत ते सोबत आलं. तिथे ट्रकांची रांग बघून थांबलं आणि काही न बोलता परत फिरलं.

आणि हायवे ओलांडल्यावर मी पळायला लागलो. पळायला म्हणजे खरोखरच. गेले दोन तास माझं जे चाललं होतं त्याला पळणं म्हणायला पळणाऱ्यांनीच हरकत घेतली असती. आता पाय उचलले जात होते, खांदे सुटले होते, घड्याळात किलोमीटरचा वेळ भराभर उतरत होता. मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप. एवढं होतं, तर वर्धनगडला कुठे होतं?

या गोष्टीवर अभ्यासकांनीही डोकं लावलंय. दक्षिण आफ्रिकेचे टिम नोक्स यांचं म्हणणं असं की थकवा नुसता पायात नसतो, मेंदू तो राखून राखून वाटत असतो. शरीर खरोखर रिकामं व्हायच्या आतच तो संपलं, संपलं म्हणून ओरडायला लागतो. शेवट दिसला की हात सैल सोडतो. सगळ्यांना हे पटलेलं नाही. मला मात्र पोवई नाक्याच्या चढावर ते एकदम पटलं, कारण मी अशी बाई बघितलेली आहे.

आमची आई. वडिलांचा पगार वीस तारखेला संपायचा. "काही आहे का गं?" असं त्यांनी विचारलं की आई पदर झटकून दाखवायची. "कुठलं आलंय?" आम्हालाही ते खरंच वाटायचं. मग ताईच्या लग्नात हलवायाने जेवणाच्या पंगती बसल्यावर उरलेले पैसे आत्ताच हवेत म्हणून हट्ट धरला. वडील घामाघूम झाले. आई स्वयंपाकघरात गेली, तुरीच्या डाळीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि डाळीची पूड लागलेल्या नोटांची सुरळी बाहेर काढली. वडील तिच्याकडे बघतच राहिले. त्यांच्या तोंडावर आनंद नव्हता. राजपथावर माझ्या तोंडावर जे होतं, तेच होतं.

त्याच आफ्रिकेत कॉम्रेड्स नावाची शर्यत आहे, १९२१पासूनची, साधारण ८८ किलोमीटरची. म्हणजे जवळजवळ माझ्याएवढीच. बारा तास झाले की तिथे बंदूक वाजते आणि रेषा बंद होते. बंदूक वाजवणारा शर्यतीकडे पाठ करून उभा असतो, म्हणजे दोन पावलांवर आलेल्या कुणाची दया येऊन बोट अडायला नको. मला पंधरा तास होत आले होते. माझी बंदूक केव्हाच वाजून गेली असती. राजवाड्यासमोर मात्र कोणीच माझ्याकडे पाठ केली नव्हती आणि तोंडही केलं नव्हतं. पेपरवाला गठ्ठे सोडत होता. कंदी पेढ्यांच्या दुकानाचं शटर अर्धं वर गेलं होतं आणि खालून एक झाडू बाहेर येत होता.

गल्लीच्या तोंडाशी घड्याळ बघितलं. ८६.६१ किलोमीटर.

हा रोग पळणारा असल्याशिवाय कळायचा नाही. पन्नास पावलांवर घर, घरात गरम पाणी (जे अंगावर पडलं की कुठे कुठे सोललंय याची यादीच मिळते), आणि जिन्याच्या नऊ पायऱ्या, ज्या मला बसून चढाव्या लागणार होत्या. पण ८६.६१ घेऊन माणूस घरात कसा जाणार? मी घरावरून तसाच पुढे गेलो. गल्लीच्या टोकाला विजेच्या खांबाला हात लावला, परत आलो. पुन्हा खांब. ही गॅलरीत येऊन उभी राहिली, माझ्याकडे बघितलं आणि आत जाऊन गॅस लावला, त्याचा खटका मला खाली ऐकू आला.

समोरच्या काकू दारात सडा घालून रांगोळी काढत होत्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी मान वर केली.

"काय हरवलं का हो?"

"नाही काकू. दोनशे मीटर कमी पडतायत."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं, मग रांगोळीचा डबा उचलून पायरीवर सरकवून घेतला.

"पळा मग. ठिपक्यांवर पाय देऊ नका फक्त."