मागाची जुनी मोटर घरच्या सिंगल फेजवर

बेळगावच्या वडगाव, शहापूर, खासबाग भागातले यंत्रमाग बंद पडले की त्यांच्या थ्री फेज मोटरी भंगारात जातात. घरी थ्री फेज नाही म्हणून त्यांच्याकडे कुणी वळून बघत नाही, हे फार वाईट वाटतं. बिडाच्या बॉडीची एक एचपीची मोटर धार लावायच्या ग्राइंडरला उत्तम, आणि सिंगल फेजवर ती चालते.

घेताना आधी नेमप्लेट वाचा. ४१५ व्होल्ट आणि स्टार कनेक्शन (तिन्ही वाइंडिंगची, म्हणजे तारेच्या गुंडाळ्यांची, एकेक टोकं एकत्र जोडलेली) लिहिलेलं हवं. आपल्याकडच्या दोन एचपीपर्यंतच्या मोटरी बहुतेक स्टारच असतात. म्हणजे प्रत्येक वाइंडिंगवर २४० व्होल्टच येतो, म्हणून तीच मोटर डेल्टात (वाइंडिंग एकमेकांना त्रिकोणात) जोडली की २३० वर चालते. प्लेटवर ४१५ डेल्टा असेल तर ती सोडून द्या. मग मल्टिमीटरने तिन्ही वाइंडिंगचा रेझिस्टन्स बघा, तिन्ही आकडे सारखे आले पाहिजेत. वाइंडिंग आणि बॉडी यांच्यात ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन मोजायच्या मीटरवर) एक मेगाओहमच्या वर रीडिंग हवं. इथल्या पावसाळ्यात उघड्यावर पडलेल्या मोटरीचं रीडिंग हमखास खाली येतं, पण लगेच रिवाइंडिंगला देऊ नका. रोटर (आतला फिरणारा भाग) काढा, स्टेटरमध्ये (बाहेरच्या वाइंडिंगच्या भागात) १०० वॅटचा बल्ब रात्रभर पेटता ठेवा आणि परत मोजा. ओलावाच असेल तर आकडा चढतो.

बेअरिंग मात्र बदलाच. या मापाच्या १४४० आरपीएमच्या मोटरीत बहुधा ६२०४ असते, तरी जुन्या बेअरिंगवरचा नंबर वाचूनच दुकानात जा. शेवटचे ०४ गुणिले ५ म्हणजे २० मिलिमीटर बोअर, म्हणजे आतलं भोक. बाहेरचा व्यास ४७, जाडी १४. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत नंबर सांगितला की काम होतं, मशीनचं नाव सांगत बसावं लागत नाही. ग्राइंडरची धूळ आत जाते, म्हणून पत्र्याच्या झेडझेडऐवजी रबर सीलची २आरएस घ्या. बसवताना पाइप आतल्या रेसवरच (कड्यावरच) टेकवून ठोका. बाहेरच्या रेसवर घाव पडला की गोळ्यांचे खड्डे रेसवर उमटतात आणि नवी बेअरिंग पहिल्या दिवसापासून घरघरते.

आता कनेक्शन. टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं असतील तर स्टारची आडवी पट्टी काढून तीन उभ्या पट्ट्या लावा, झाला डेल्टा. तीनच वायरी बाहेर असतील तर स्टारचा जोड वाइंडिंगच्या दोऱ्याखाली दडलेला असतो. तो रिवाइंडिंगवाल्याकडून सोडवून उरलेली तीन टोकं बाहेर काढून घ्या. यू१ या टर्मिनलला फेज, व्ही१ ला न्यूट्रल, आणि डब्ल्यू१ व यू१ यांच्यामध्ये कपॅसिटर. मोटर उलटी फिरली तर कपॅसिटरचं यू१ वरचं टोक व्ही१ वर न्या. बॉडीला अर्थिंग न देता मोटर चालू करूच नका.

कपॅसिटरचा हिशोब किलोवॅटला ७० मायक्रोफॅरड, म्हणजे एक एचपीला साधारण ५०. २५ चे दोन पॅरलल जोडले तरी चालतात. ४४० व्होल्टचा रनिंग कपॅसिटरच हवा. स्टार्टिंगचा काळा गोल कपॅसिटर काही सेकंदांसाठीच बनलेला असतो, कायम ठेवला तर फुटतो. रिकामी फिरतानाच मोटर गुणगुणली आणि हात ठेववेना इतकी तापली तर कपॅसिटर मोठा पडतोय, ४० वर या. बंद केल्यावरही त्यात चार्ज राहतो, बल्बमधून उतरवल्याशिवाय हात लावू नका.

या जोडणीत ताकद सुमारे ७० टक्केच मिळते, आणि सुरुवातीचा जोर त्याहून कमी. त्यामुळे ग्राइंडर, पॉलिशिंग, छोटं ड्रिल चालेल. कॉम्प्रेसर उचलणार नाही. तिथे सिंगल फेज इनपुटचा व्हीएफडी (सिंगल फेजवरून थ्री फेज तयार करणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह) लागतो.

दगडासाठी १९ मिलिमीटर शाफ्टवर बसणारा बुश टर्नरकडून करून घ्या, सोबत दगड दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या दोन फ्लँज (चकत्या). १५० मिलिमीटरचा दगड १४४० वर सेकंदाला साधारण ११ मीटर धावतो, बाजारातल्या ग्राइंडरच्या निम्म्याने. म्हणूनच विळा, खुरपं, ड्रिल बिट निळं पडत नाही आणि धार टिकते.