रिकामं रीळ आणि कार्यानुभवाची तासिका

सुवर्णमहोत्सवी अंकासाठी चार ओळी लिहून द्या, असा शाळेचा निरोप आला आणि सगळ्यात आधी आठवली ती कार्यानुभवाची तासिका. कोठारी आयोगानं (१९६४-६६) सुचवलेला हा विषय पुष्कळ ठिकाणी वेळापत्रकापुरताच असायचा. गणित मागे पडलं की पहिली गदा त्याच्यावर. आमच्या सरांची तासिका मागायची मात्र कुणाची टाप नव्हती.

सरांचा दंडक एकच: विकत आणलेलं काही चालणार नाही. शिंप्याकडची रिकामी लाकडी रिळं, काडेपेट्या, जुन्या लग्नपत्रिका, दादरचे (रब्बी ज्वारीचे) धांडे, घराला जे नको झालं असेल ते आणायचं. उलट दिशेनंही वाहतूक व्हायचीच. माझं दप्तर उपसताना माय म्हणायची, "घरमा कचरा कमी शे का रे?"

धांड्याची साल सोलून पांढऱ्या भेंडाचे चष्मे आणि बैलगाड्या आम्ही शेतात करतच होतो. नवं होतं ते रिळाचं वाहन. रिळाच्या दोन्ही कडांना ब्लेडनं खाचा पाडायच्या, भोकातून रबर ओवायचं, एका बाजूला आखूड काडी अडकवून ती फिरणार नाही असं बघायचं. दुसऱ्या बाजूला मेणबत्तीची भोक पाडलेली चकती आणि तिच्याबाहेर लांब काडी. काडी फिरवून पीळ भरला आणि रीळ खाली ठेवलं, की काडी जमिनीला टेकून अडते आणि रबर सुटताना रीळच फिरू लागतं. कलत्या पाटीवरसुद्धा ते हळूहळू चढायचं. एकानं मेणाची चकती गाळली, तर त्याचं रीळ एक गचका देऊन थांबलं. घर्षणाचा धडा पुस्तकात पुढच्या वर्षी आला. आम्हाला तो तोवर शिळा झाला होता.

सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काड्या जोडून सरांनी चौकोन करायला लावला. बोट लावलं की तो कलंडायचा. त्रिकोण हलेना. मग चौकोनात एक तिरपी काडी घातली आणि तोही ताठ उभा राहिला.

रद्दीच्या लगद्याच्या टोपल्यांची गंमत वेगळी. सर भिजवलेल्या कागदात वाटलेली मेथी घालायला सांगायचे. माझी टोपली सुकली आणि कडेनं सुटली. मायनं ती हातात फिरवून पाहिली आणि माझ्याबरोबरच सरांना निरोप धाडला: मेथी कमी पडली, रातभर भिजवून वाटा. पुढच्या आठवड्यात मेथी वाढली, आणि सरांनी वर्गात सांगितलंही की ही अक्कल कुणाच्या घरची.

हल्ली नातवाच्या शाळेत 'प्रकल्प' म्हणजे दुकानातून तयार संच आणायचा आणि आकड्यांप्रमाणे चिकटवायचा. दिसतो सुबक. पण त्यात काही सुटत नाही, कलंडत नाही. मग पोरानं डोकं चालवायचं कशात?

आता माझी केळी आहे. बाग काढली की ठिबकच्या जुन्या नळ्यांची भेंडोळी बांधावर पडतात, भंगारवाला किलोवर नेतो. सोळा मिलिमीटरच्या नळीचा अडीच मीटरचा तुकडा वाकवून जॉइनरनं जोडला की कमरेभोवती फिरवायचं झकास कडं होतं. उरलेल्या तुकड्यांत दोरी ओवली की उड्या मारायची दोरी. शाळेला हवी असतील तर कळवा, ट्रॅक्टरवर टाकून आणून देतो. फक्त त्यातून खतं सोडलेली असतात, तेव्हा आधी भरपूर पाण्यानं धुवावी लागतील, आणि कापलेली तोंडं घासायला दोन-चार कानशी लागतील.