आमची वाटचाल : दोन कर्णे, डॉल्बी आणि एक मीटर

आमच्या आण्णांनी १९८६ ला सांगलीत साऊंड भाड्यानं द्यायचा हा धंदा सुरू केला तेव्हा सामान म्हणजे दोन कर्णे, एक अहुजाचा अँप्लिफायर, दोन माईक आणि एक सायकल, बस. लग्न, बारसं, पारायण, निवडणुकीची रिक्षा, जे येईल ते करायचे. कर्णा उंचावर बांधायचा, लिंबाच्या झाडाला नाहीतर शाळेच्या गच्चीवर, आणि तोंड गावाकडं. त्या काळात चांगला साऊंडवाला कोण, तर ज्याचा आवाज पलीकडच्या वाडीला ऐकू जातो तो. आण्णा सांगायचे की गिऱ्हाईक पैसे द्यायच्या आधी गावाच्या वेशीपर्यंत चालत जाऊन ऐकून यायचं. म्हणजे लांब जाणं हाच माल होता आमचा, तोच आम्ही विकत होतो.

मी डिप्लोमा करून २००१ ला दुकानात बसायला लागलो. आदल्याच वर्षी केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले होते, २००० चे, पण खरं सांगतो आमच्या लाईनमध्ये कुणालाच त्याचा पत्ता नव्हता. माईकची परवानगी म्हणजे पोलीस स्टेशनला एक अर्ज द्यायचा आणि शिक्का मारून आणायचा एवढंच आम्हाला माहीत. जुलै २००५ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, त्यानंतर मात्र रात्री दहाला हवालदार स्टेजच्या बाजूला येऊन उभे राहायला लागले आणि तेव्हा कळलं की हे आता कायमचं आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, कुठले दिवस ते आपल्याकडं जिल्हाधिकारी जाहीर करतात, गणपतीतले काही, नवरात्रातले, शिवजयंती, ३१ डिसेंबर असे. बाकी ३५० दिवस दहा म्हणजे दहा.

याचा पहिला फटका आम्हाला जत्रेत बसला. चैत्र-वैशाखात आम्ही तमाशाच्या फडांना साऊंड द्यायचो, दोन महिन्यांत वर्षाचा निम्मा गल्ला व्हायचा. आता तमाशा सुरू कधी होतो, तर गावाची जेवणं उरकल्यावर, नऊ-साडेनऊला. गण झाला, गवळण निम्मी झाली की दहा वाजतात, बतावणी राहिली आणि वग तर लांबच राहिला. तमाशा हा मुळात रात्रभर चालणारा खेळ, त्याला दहाची वेळ लावली म्हणजे अर्धा खेळ कापला. मला अजून वाईट वाटतं त्याचं, नियम बरोबर आहे असं मी मानतो तरीही वाटतं. शास्त्रीय संगीताचं पण तेच झालं. मिरज आमच्या शेजारी असल्यानं लहानपणापासून गाण्याची गोडी, आणि डिसेंबरात आम्ही चार-पाच जण रेल्वेनं पुण्याला सवाई गंधर्वला जायचो, शाल-थर्मास घेऊन. १९५३ पासूनचा महोत्सव तो, तेव्हा रात्रभर चालायचा. मध्यरात्रीनंतर दरबारी, मालकंस ऐकायचा आणि उजाडताना भैरव नाहीतर ललत ऐकून बाहेर पडायचं आणि चहाच्या गाड्यावर कुणी बोलायचं नाही. आता दहाला संपतं, परवानगीच्या दिवशी बाराला. आमच्या पोरांनी दरबारी रात्री दोनला कधी ऐकलाच नाहीये.

असो. मधल्या काळाबद्दल लिहिणं भाग आहे कारण ती आमची चूक होती आणि ती लपवून वाटचाल लिहिण्यात अर्थ नाही. २००९ ला मी कर्ज काढून डॉल्बी घेतली. आमच्या भागात मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीला सगळे डॉल्बीच म्हणतात, कंपनी कुठलीही असो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर सोळा बेस म्हणजे खालच्या आवाजाचे मोठे स्पीकर, वर टॉप म्हणजे वरच्या आवाजाचे, मागं जनरेटर. आण्णा नको म्हणत होते, मी ऐकलं नाही. पैसे भरपूर आले, एका गणपतीत जेवढे यायचे तेवढे लग्नसराईच्या अख्ख्या सीझनला येत नव्हते. पण मंडळामंडळात स्पर्धा, शेजारच्यानं सोळा लावले की आपल्याला चोवीस पाहिजेत, आणि आम्ही देत गेलो.

माझ्याकडं एक पोरगा होता, अठरा वर्षाचा असताना आला, केबल टाकण्यापासून सगळं शिकला, हाताला फार चांगला. तो ट्रॉलीवर बेसच्या पुढ्यात बसून असायचा दहा-दहा तास. चार वर्षांनी एकदा गोडाऊनमध्ये मला म्हणाला, मालक, रात्री झोपताना कानात शिट्टी वाजते, बंदच होत नाही. डॉक्टरकडं नेला तर वरच्या पट्टीचं ऐकणं कमी झालेलं आणि ते परत येत नाही म्हणाले. नंतर मी वाचलं की ८५ डेसिबलला आठ तास चालतात पण पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होत जाते, म्हणजे १०० ला फक्त पंधरा मिनिटं. आणि तो तर त्याच्या कितीतरी वर बसत होता. माझ्या दुकानात, माझ्या पगारावर. ते माझ्या मनातून जात नाही, जाऊ पण नये.

२०१६ च्या दिवाळीनंतर मी डॉल्बीच्या ऑर्डरी घेणं बंद केलं आणि सामान विकायला काढलं, तोटा खाऊन. दोन वर्षांनी, २०१८ ला, गणपतीच्या तोंडावर हायकोर्टानं डीजे-डॉल्बीवरची बंदी उठवायला नकार दिला तेव्हा ओळखीचे म्हणाले तू आधीच सुटलास, पण मी काही कोर्टाच्या भीतीनं सोडली नव्हती.

मग करायचं काय, तर ठरवलं की फक्त जिवंत संगीत. अभंगवाणी, सुगम, शास्त्रीय, कॉलेजातले बँड, ऑर्केस्ट्रा. आणि सगळं नियमात. तेव्हा पहिल्यांदा मी ते नियम नीट वाचले. राहत्या भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. बाजारपेठेत ६५ आणि ५५. शांतता क्षेत्रात, म्हणजे दवाखाना-शाळा-कोर्टाच्या भोवती शंभर मीटरपर्यंत, ५० आणि ४०. बघून डोकं धरलं, कारण दोन माणसं समोरासमोर बोलली तरी साठ होतात. पण पुढं बारकाईनं वाचलं की सार्वजनिक जागेवर स्पीकर लावला तर मोजायचं त्या जागेच्या हद्दीवर, आणि तिथं त्या भागाच्या मर्यादेपेक्षा दहाने जास्त किंवा ७५, यातलं जे कमी असेल ते चालतं. खाजगी जागेला पाचने जास्त. म्हणजे राहत्या भागातल्या मैदानाच्या कंपाउंडवर संध्याकाळी ६५. आता हे जमण्यासारखं आहे, पण डोकं चालवावं लागतं. अंतर दुप्पट झालं की साधारण सहा डेसिबल कमी होतात. स्टेजपासून वीस मीटरवर ८५ ठेवले तर ऐंशी मीटरवर ७३ उरतात, म्हणजे अजून आठ काढायचे आहेत कुठून तरी.

ते काढायचे दोन मार्ग आम्हाला सापडले. एक म्हणजे स्टेजवरून सगळ्या मैदानाला मारायचंच नाही, छोटे स्पीकर प्रेक्षकांच्या मध्ये थोड्या थोड्या अंतरावर, खाली तोंड करून, आणि प्रत्येकाला डिले. आवाज चौतीस मीटर जायला शंभर मिलिसेकंद घेतो, त्या हिशोबानं मागचे स्पीकर उशिरा सोडायचे की आवाज स्टेजवरूनच आल्यासारखा वाटतो. शेवटच्या रांगेतल्या आजोबांना शब्द न शब्द कळतो आणि पुढच्या रांगेचे कान पण वाचतात. दुसरा मार्ग बेसचा, आणि तो आम्हाला एका आजींनी शिकवला.

२०१९ ला एका सोसायटीच्या मागच्या मैदानात दोन दिवसांचा कार्यक्रम होता, पहिल्या दिवशी बँड. हद्दीवर मीटर धरून आम्ही खूश, ६३ च्या वर गेलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आयोजकांना तक्रार आली, पहिल्या मजल्यावरच्या एका आजींची. मी स्वतः गेलो. त्या काही भांडल्या नाहीत, म्हणाल्या तुम्ही संध्याकाळी या आणि बसा इथं. संध्याकाळी पोरांना स्टेजवर सोडून मी मीटर घेऊन त्यांच्या घरी गेलो. पहिलं गाणं सुरू झालं, शब्द नीट कळत पण नव्हते एवढा आवाज लांब होता, पण फडताळातल्या काचेच्या बशा एकमेकींना लागून किणकिणत होत्या. आजींनी माझा हात धरून खिडकीच्या काचेवर ठेवला. काच थरथरत होती, सगळा किक ड्रम माझ्या तळहातात. मीटरवर ५९. मग मी बटण ए वरून सी वर केलं, आकडा ८१.

आता ही गोष्ट आमच्या धंद्यातल्या प्रत्येकानं समजून घ्यायला पाहिजे. नियमात मोजमाप आहे ते ए वेटिंगचं, म्हणजे माणसाच्या कानासारखं, त्यात खालचा आवाज कमी धरला जातो, सी मध्ये तो जवळजवळ पूर्ण धरला जातो. ६३ हर्ट्झला तर २६ डेसिबल वजा होतात. कागदावर तुम्ही नियमात असता पण बेस भिंतीतून आरपार जातो आणि म्हातारं माणूस, आजारी माणूस, तान्हं बाळ झोपत नाही. माझं स्पष्ट मत आहे की नियमात सी चा पण आकडा यायला पाहिजे. तो येईल तेव्हा येईल, आम्ही तेव्हापासून दोन्ही मोजतो आणि आमची स्वतःची मर्यादा ठरवून घेतली आहे, हद्दीवर ए आणि सी मध्ये पंधरापेक्षा जास्त फरक दिसला की बेस खाली.

त्यानंतर लॉकडाऊन लागला, काम शून्य, तीन पोरं गावाला गेली ती परत आली नाहीत. त्या काळात गोडाऊनमध्ये बसून मी आणि तोच कानाचा त्रास असलेला पोरगा, आम्ही बेसवर प्रयोग केले. तीन बेस एकावर एक, मधला उलटा, पाठीमागं तोंड करून, त्याची पोलॅरिटी म्हणजे तारेचं अधिक-उणे उलटं आणि थोडा डिले. मागं दोघांच्या लाटा एकमेकांना मारतात आणि पुढं मिळतात. ज्या दिवशी ते पहिल्यांदा जमलं त्या दिवशी मी पुढून चालत चालत मागं गेलो आणि बेसच्या मागं पाय ठेवला तर जणू कुणी बटण बंद केलं. परत पुढं, परत मागं, असं दहा वेळा केलं असेल. मीटरवर तेरा डेसिबलचा फरक. आता प्रत्येक मैदानावर आधी जाऊन बघतो की घरं कुठल्या बाजूला आहेत, दवाखाना कुठं आहे, वारं संध्याकाळी कुठून येतं, आणि स्टेजची पाठ घरांकडं करायला सांगतो. आयोजक कुरकुरतात, बॅनर रस्त्यावरून दिसत नाही म्हणून, पण ऐकतात. रात्री जमीन गार होते आणि वरची हवा उबदार राहते तेव्हा आवाज खाली वळून लांब जातो, म्हणून हिवाळ्यात नऊनंतर आम्ही आणखी दोन-तीन डेसिबल उतरवतो.

त्रास झालाच नाही असं नाही. एका गावी एका साहेबांनी मोबाईलच्या ॲपवर ९२ दाखवले, तेही स्पीकरच्या पुढ्यात उभं राहून, आणि आमचा मिक्सर जप्त केला. हद्दीवर आमचं मीटर ६४ दाखवत होतं. अकरा दिवसांनी मिक्सर मिळाला आणि त्यात दोन कार्यक्रम गेले. तेव्हापासून मीटर दरवर्षी कॅलिब्रेट करून सर्टिफिकेट घेतो, कार्यक्रमाआधी ९४ डेसिबलचा कॅलिब्रेटर लावून तपासतो आणि दर मिनिटाचं रेकॉर्ड ठेवतो. जनरेटर पण सायलेंट, कॅनॉपीचा म्हणजे आवाज अडवणाऱ्या पेटीतला, एक मीटरवर ७५ च्या आतला. पोलिसांना पण तेच हवं असतं हो, कागद दाखवला की बहुतेक वेळा विषय संपतो. खरं तर त्यांना प्रत्येक स्टेशनला चांगलं मीटर आणि शिकवलेला माणूस मिळायला हवा, त्यात आपल्या सगळ्यांचंच भलं आहे.

कलाकारांची एक गोष्ट. दहाला बंद म्हटलं की पूर्वी ऐन रंगात फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी, खाली ओढावा लागायचा, गायिका डोळे मिटून गात असताना. तसं मी दोनदा केलंय आणि दोन्ही वेळा घरी जाऊन जेवण गेलं नाही. आता मॉनिटरशेजारी, म्हणजे कलाकाराकडं तोंड केलेल्या स्पीकरशेजारी, लाल आकड्यांचं घड्याळ ठेवतो, कलाकाराला दिसेल असं, आणि ठरवतानाच सांगतो की भैरवी साडेनऊला. बहुतेक जण मानतात. आयोजकांना सांगतो की कार्यक्रम सहाला सुरू करा, पाहुण्यांचे सत्कार कमी करा. हे शेवटचं मात्र अजून कुणी ऐकलेलं नाही!

आज आम्ही आठ जण आहोत. त्या पोराला आता पोरगा म्हणता येत नाही, बत्तीसचा झाला, सिस्टीम तोच लावतो आणि मिक्सिंगला दुसरा बसतो कारण वरच्या पट्टीवर त्याचा स्वतःचाच भरवसा नाही. प्रत्येकाच्या खिशात इअरप्लग असतात, न लावता स्टेजजवळ दिसला तर मी कामावरून उतरवतो. २०२२ ला जागतिक आरोग्य संघटनेनं कार्यक्रमांसाठी सरासरी १०० डेसिबलची वरची मर्यादा सुचवली, आमचे बँडचे कार्यक्रम सुद्धा प्रेक्षकांत ९५ च्या आत असतात आणि आजपर्यंत एकाही श्रोत्यानं आवाज कमी पडला म्हणून पैसे मागितले नाहीत. दर आमचे दुसऱ्यांपेक्षा थोडे जास्त आहेत, स्पीकर जास्त लागतात, माणसं जास्त लागतात, आदल्या दिवशी जागा बघायला जावं लागतं.

यंदा दिवाळी पहाटेचे चार कार्यक्रम आहेत. पहाट म्हटलं तरी सहाच्या आत स्पीकर नाही, म्हणून साऊंड चेक आदल्या संध्याकाळी करून मिक्सरवर सेव्ह करतो. पहाटे साडेचारला टेम्पोतून उतरायचं, सामान फेकायचं नाही, हाका मारायच्या नाहीत, लाईन चेक हेडफोनवर. साडेपाचला लोक येऊन बसतात, उटण्याचा वास येतो सगळीकडं, तानपुरे जुळत असतात आणि ते फक्त पहिल्या दोन रांगांना ऐकू येतात. आण्णा खुर्ची घेऊन माझ्या बाजूला बसतात, ऐंशी वर्षाचे झाले, हातात मीटर त्यांच्याच. सहाला मी तानपुऱ्याचा फेडर हळूहळू वर नेतो आणि आण्णा आकडा वाचून सांगतात.