नर्मदा-बोरिंग दोन्ही

दुपारी रामबागेतून येताना एका फाटकावर पाटी दिसली : 'मकान किराये से देना है. नर्मदा-बोरिंग दोनों.' म्हणजे नळाला नर्मदेचं पाणी आणि शिवाय बोअरचंही. इंदूरच्या माणसाला एवढं पुरतं. हॉल केवढा, टाइल्स कसल्या, ते मागाहून. वर्तमानपत्रात 'राहण्यायोग्य' ग्रह सापडल्याची बातमी येते, तीही मी हल्ली अशीच वाचतो. म्हणजे संशयाने.

लहानपणी आमच्याकडे घर बघायला आजी जायची. वडील नुसते मागे उभे. नर्मदा 1978 साली, सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून पठार चढून शहरात आली, त्याच्या आधीचे ते दिवस. उन्हाळ्यात नळ नुसताच फुसफुसायचा. आजी घरमालकिणीकडे प्यायला पाणी मागायची आणि पेला उजेडाकडे धरून, गप्पा मारत, घोटाघोटाने संपवायची. मग पिशवीतून उदबत्ती काढून मधल्या खोलीत लावायची. "किती देवधर्म आहे हो यांच्यात!" मालकीण म्हणायची. आजीचं लक्ष धुराकडे. धूर सरळ वर चढला की ही चपला घालायला निघालीच. जिन्यात वडिलांना सांगायची, "हवा खेळत नाही रे, पोरं खोकत बसतील." आणि वर कोण राहतं, रात्री आदळआपट करतात का, ही चौकशी तर घरात शिरण्याआधीच झालेली असे.

प्रॉक्झिमा बी हा ग्रह या आदळआपटीच्या चौकशीतच बाद झाला असता. 2016 साली तो सापडला तेव्हा केवढी धामधूम! सव्वाचार प्रकाशवर्षांवर, म्हणजे सूर्य सोडला तर सगळ्यात जवळच्या ताऱ्याभोवती, पाणी पातळ राहू शकेल अशा अंतरावर. पण त्याचं वर्ष अकरा दिवसांचं, म्हणजे ताऱ्याला अगदी चिकटून, आणि तो तारा मधूनच असा भडकतो की जवळच्याची हवा टिकेल की नाही याचीच शंका. 'राहू शकेल' आणि 'आहे' यांच्यातलं अंतर पाटी लिहिणाऱ्याला कधीच दिसत नाही. आकाराने म्हणाल तर शुक्रही पृथ्वीचा जुळा. पण अंगावर कार्बन डायऑक्साइडची जाड गोधडी घेऊन बसलाय. जमिनीवर 465 अंश, शिसं वितळेल.

मंगळाचं उलट. तिथे हवेचा दाब आपल्या एक टक्काही नाही. इंदूर साडेपाचशे मीटरवर, तर इथे पाणी 98 अंशांना उकळतं. मंगळावर उघड्यावर उभं राहिलं तर जिभेवरची लाळच उकळेल. त्याचं चुंबकीय कवच फार पूर्वी गेलं आणि सौरवाऱ्याने हवा हळूहळू ओरबाडून नेली. तिथे फिरणाऱ्या यांत्रिक गाडीवरच्या (रोव्हर) यंत्राने 2021 ते 2023 मध्ये प्राणवायू करून दाखवला. एकूण 122 ग्रॅम. एका माणसाला चार तासही पुरायचा नाही.

'मालव धरती गहन गंभीर, पग पग रोटी, डग डग नीर.' आमच्याकडे हे उठता-बसता ऐकवतात. रोटी आली, नीर आलं. हवा कुणी धरलेलीच नाही. ती काय, असायचीच.

पण नसायची! पृथ्वी याच जागी, सूर्यापासून याच पंधरा कोटी किलोमीटरवर होती, तरी पहिली दोनशे कोटी वर्षं इथे आपल्याला एक श्वास घेता आला नसता. नीलहरित जीवाणूंनी उन्हात बसून प्राणवायू सोडला. सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी तो हवेत साचू लागला, आणि माणसाच्या छातीला पुरेल इतका व्हायला त्यापुढेही कितीतरी काळ गेला. जुन्या रहिवाशांना मात्र तो विषच. कित्येक मेले असणार. उरले ते चिखलात, तळ्यांच्या बुडाशी दडले. त्या जातीतले बरेच आज आपल्या आतड्यात मजेत राहतात.

म्हणजे मूळ मालक भाडेकरूच्या पोटात. आजी असती तर तिने आधी ते भाडं किती देतात हे विचारलं असतं.