आमची वाटचाल : तासाच्या भाड्यापासून कधीमधीच्या सायकलीपर्यंत

रत्नागिरीच्या बाजूला आमचं दुकान सुरू झालं ते तासाच्या भाड्यावर आणि पंक्चरवर. विक्रीला एकच प्रकार असायचा, काळी दांड्याची, २८ इंची चाकांची सायकल. दूधवाले, पोस्टमन, बंदरावरून मासळी नेणारे अशी रोज वापरणारी गिऱ्हाइकं होती. आता येतात त्यातल्या बऱ्याच जणांना सायकल रोज लागत नाही. गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात येणारे चाकरमानी, निवृत्तीनंतर गावी परतलेली जोडपी, होमस्टेवाले, चाळिशीत सायकल शिकायला निघालेल्या ताई. प्रश्न सगळ्यांचा तोच, ‘कधीमधी फिरवायला स्वस्तातली कुठली घेऊ?’ आमचा माल, जोडणी आणि दुरुस्ती या तिन्ही गोष्टी या एका प्रश्नामुळे बदलत गेल्या.

रोजच्या सायकलीला झीज मारते, कधीमधीच्या सायकलीला गंज. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ लोखंडावर बसतं आणि हवेतला ओलावा धरून ठेवतं. रोज चालणाऱ्या चेनमध्ये तेल फिरत राहतं, म्हणून ती तग धरते. पडवीत उभ्या सायकलीच्या चेनच्या पिना मात्र एका पावसाळ्यात आवळतात. मग स्पोकचे निपल (रिममध्ये स्पोक धरून ठेवणारे छोटे नट) जाम होतात आणि चाकाचा आऊट म्हणजे वाकडेपणा काढायला गेलं की स्पोकच तुटतो. ब्रेकची तार कव्हरमध्ये अडकते. सीटचा पाइप फ्रेममध्ये असा बसतो की उंची बदलायची सोय राहत नाही. त्यामुळे ‘मजबूत कुठली’ हा प्रश्न आम्ही दुसऱ्या नंबरवर ठेवतो. दहा महिने उभी राहून अकराव्या महिन्यात कुठली चालेल, ते आधी बघतो.

या हिशोबाने दुकानातून आम्ही पहिल्यांदा काढून टाकल्या त्या दोन्हीकडे शॉकअप असलेल्या स्वस्त सायकली. दहा हजारांच्या आतल्या शॉकअपमध्ये नुसती स्प्रिंग असते, दणका जिरवणारी यंत्रणा नसते. साध्या फोर्कपेक्षा (पुढचं चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्यापेक्षा) वजन किलोभर जास्त. नळीला गंज धरला की तो हलतही नाही, म्हणजे वजन तेवढं उरतं. मागचा शॉकअप तर चढावर पायातला जोर खातो. मुलांना तो दिसायला आवडतो, हे खरं आहे. आमच्याकडे आता साधा लोखंडी फोर्क आणि १.९५ इंची टायर असलेली सायकल पुढे उभी असते. जांभ्याच्या रस्त्यावरचे दणके टायरमधली हवा नीट असेल तर टायरच झेलतो. ६५ किलोच्या माणसाला पुढे ३५ आणि मागे ४० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरे, फक्त टायरच्या कडेवर छापलेली मर्यादा आधी बघावी.

टायरवर आणखी एक बघावं. २६ × १.९५ आणि २६ × १ ३/८ हे दोन्ही ‘सव्वीसचे’ म्हणून मिळतात, पण पहिल्याच्या रिमचा व्यास ५५९ मिलीमीटर आणि दुसऱ्याचा ५९०. एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. तालुक्याच्या गावाला जाऊन टायर घेऊन यायचा आणि तो न बसल्यामुळे परत जायचं, हा फेरा कडेवरचा पूर्ण आकडा लिहून नेला की टळतो.

गिअर घ्यावेत की नाही, यावर काउंटरवर सगळ्यात जास्त बोलणं होतं. आमच्याकडचा रस्ता खाडीकाठाने सपाट जातो आणि मग एकदम सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर, चढतो. आरे-वारेचा समुद्रकाठचा रस्ता फोटोत सपाट दिसतो, पायांना तसा लागत नाही. साध्या बिनगिअरच्या २६ इंची सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ दाते असले तर पायडलच्या एका फेऱ्यात ती साधारण ५ मीटर पुढे जाते. सपाटीला हे छान. चढावर नवशिक्याचं गुडघ्यावर येतं आणि तो उतरून ढकलत नेतो. यावर गिअरशिवायचा एक उपाय आहे, तो फार थोडे लोक मागतात : मागचं फ्रीव्हील (मागच्या चाकावरचं दात्यांचं चक्र) २२ दात्यांचं बसवायचं. एका फेऱ्यात सायकल ४ मीटरच्या थोडी वर जाते, चढ बराच हलका होतो आणि सपाटीवर पाय थोडे जास्त फिरतात, एवढंच. चेन मात्र साधारण इंचभर वाढवावी लागते. नाहीतर मागचं चाक ड्रॉपआउटमध्ये (फ्रेमच्या ज्या खाचेत ते बसतं तिथे) फार पुढे येतं आणि मडगार्डला घासतं. खाडीकाठी, बंदरावर किंवा बाजारपेठेत राहणाऱ्याला आम्ही हीच जोडणी सुचवतो.

घर सड्यावर किंवा घाटीच्या वर असेल तर गिअर घ्यावेत. पण २१ गिअरची पाटी बघून भुलू नये. पुढे तीन आणि मागे सात म्हणजे एकवीस, त्यातले कितीतरी एकमेकांच्या जवळपासचेच असतात. शिवाय पुढचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा भाग) ही खाऱ्या हवेत सगळ्यात आधी अडकणारी वस्तू. पुढे एकच ४२ दात्यांचं चक्र आणि मागे १४ ते ३४ चं सात गिअरचं फ्रीव्हील असेल तर हलक्या गिअरला एका फेऱ्यात सायकल अडीच मीटर जाते आणि बहुतेक चढ बसूनच निघतात. घेताना मागचा डिरेलर ३४ दात्यांपर्यंत पोचणारा आहे ना, हे विचारावं. आखूड बांध्याचा असेल तर मोठ्या चक्रावर चेन ताणली जाते आणि डिरेलर मुरगळतो. गिअरची सायकल उजव्या अंगावर पडली असेल तर चालवण्याआधी मागून बघावं. डिरेलरचा हँगर (तो फ्रेमला ज्या पट्टीवर लटकतो ती) आत वाकला असेल तर पहिल्या चढावर हलका गिअर टाकताच डिरेलर स्पोकमध्ये जातो.

ब्रेकच्या बाबतीत गिऱ्हाइकाचं आणि आमचं मत बहुतेक वेळा जुळत नाही. ‘डबल डिस्क’ म्हटलं की सायकल खपते. पण तारेवरच्या स्वस्त डिस्कला बारीक जुळवाजुळव लागते, आणि घरी कुणी गंज काढायला म्हणून चेनवर स्प्रे मारला की त्याचे शिंतोडे डिस्कवर उडतात. पॅडने तेल प्यायलं की ब्रेक लागत नाही, नुसता किंचाळतो. पॅड बदलण्याशिवाय गत्यंतर नसतं. कधीमधीच्या सायकलीला ॲल्युमिनियम रिम आणि रिमला दोन्ही बाजूंनी रबर दाबणारा व्ही-ब्रेक बरा. रबर आणि रिममध्ये दोन्ही बाजूंना दीड-दोन मिलीमीटर फट ठेवावी. लाल चिखलातून आल्यावर रबरात रुतलेले खडे टाचणीने काढावेत, नाहीतर ते रिमला चर पाडतात. लोखंडी क्रोमची रिम मात्र घेऊच नये, पावसात ओली झाली की ब्रेक फारच उशिरा धरतो.

‘२६ ची घेऊ की २९ ची’ असं विचारणाऱ्याला वाटतं की तो उंचीबद्दल विचारतोय. तो आकडा चाकाचा. उंचीला जुळवायची ती फ्रेम : पाच फूट ते पाच-चार पर्यंत १६ इंची, पाच-चार ते पाच-आठ पर्यंत १८ इंची. दांडा दोन पायांच्या मध्ये घेऊन दोन्ही पाय जमिनीला टेकून उभं राहावं, दांड्याच्या वर दोन इंच जागा राहिली पाहिजे. शिकणाऱ्याला सुरुवातीला सीट खाली ठेवून देतो, दोन्ही तळवे जमिनीला लागतील अशी. तोल आला की बोटभर बोटभर वर घ्यायची, टाच खालच्या पायडलवर ठेवल्यावर गुडघा सरळ होईल तिथपर्यंत. खालीच राहिली तर दोन-चार किलोमीटरमध्ये गुडघा दुखू लागतो आणि सायकल पडवीत जाते. सीटच्या पाइपवर कमाल उंचीची खूण कोरलेली असते, ती फ्रेमच्या आतच राहू द्यावी. साडी नेसणाऱ्या किंवा साठीच्या पुढच्या माणसांना बिनदांड्याची फ्रेम सोयीची. पुरुषांनी लाजू नये.

२०२० साली दोन गोष्टी एकाच काळात घडल्या. टाळेबंदीनंतर सायकलींना अचानक मागणी आली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ॲटलस या सायकल कंपनीचा साहिबाबादचा कारखाना बंद झाला. त्यानंतर खोक्यात अर्धवट जोडलेल्या सायकली ऑनलाइन मागवणं वाढलं, आणि आमच्याकडे घरी जोडलेल्या सायकली दुरुस्तीला येऊ लागल्या. बहुतेकांत दुखणं एकच, डावं पायडल. डाव्याचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या विरुद्ध दिशेने घट्ट होतं. पान्याने जबरदस्ती केली की क्रँकचे (पायडल ज्या दांडीवर बसतं तिचे) आटे जातात आणि क्रँकच बदलावा लागतो. आधी आट्यांना ग्रीस लावून तीन-चार फेरे बोटांनीच द्यावेत, अडकलं तर बाहेर काढून पुन्हा लावावं. चौकोनी ॲक्सलवरचा क्रँक ३५ ते ४० न्यूटन-मीटरने आवळावा लागतो. ढिला राहिला तर पायडल मारताना कट-कट वाजतो आणि त्याचं भोक मोठं होतं, मग कितीही आवळा.

आम्ही नव्या सायकलीचे हब (चाकाचा मधला भाग) आणि बीबी (दोन क्रँकच्या मधला बेअरिंगचा भाग) देण्याआधी उघडतो. कारखान्यातून ग्रीस कमी येतं आणि कोन (बेअरिंग दाबून धरणारे नट) जास्त आवळलेले असतात. पाण्याने सहज न धुपणारं कॅल्शियम बेसचं ग्रीस भरतो. सीटच्या पाइपला आणि निपलना पण लावतो. ग्रीसचा खर्च किरकोळ, वेळ मात्र दीड-दोन तास जातो. म्हणून जोडणीचे पैसे वेगळे सांगतो आणि त्यावर घासाघीस करत नाही.

चार इंची टायरच्या जाड्या सायकली आम्ही मागणीशिवाय ठेवत नाही. वजनदार असतात आणि चढावर ओढवत नाहीत. ओहोटीच्या वेळी भाट्याच्या किनाऱ्यावरच्या ओल्या घट्ट वाळूवरून दोन इंची टायर व्यवस्थित जातो. मात्र कुठलीही सायकल लाटेत घालू नये. घातलीच तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने बादलीनेच धुवावी. प्रेशरचा फवारा हबमध्ये खारं पाणी ढकलतो.

किमतीचं म्हणाल तर बिनगिअरची चांगली लोखंडी सायकल साधारण साडेसहा ते नऊ हजारांत आणि सात गिअरची अकरा ते पंधरा हजारांत बसते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, म्हणजे जुन्या दराने ८,००० ची सायकल तेवढ्याच मूळ किमतीला ७,५०० ला मिळायला हवी. वाचलेल्या पैशांत पंप, दोन टायर लिव्हर, पुढचा-मागचा दिवा आणि तेलाची बाटली येते. ट्यूब घेताना मोटारसायकलसारख्या वॉल्वची घ्या. देशी वॉल्वची रबरी नळी उभ्या सायकलीत कुजते आणि हवा आपोआप उतरते. पेट्रोल पंपावर हवा भरताना लक्ष ठेवा, तिथे काही सेकंदांत मर्यादा ओलांडते.

मुंबईला परत जाण्याआधी चेन पुसून प्रत्येक जोडावर एक थेंब तेल टाकावं आणि वरचं फडक्याने टिपून घ्यावं. चाकं जमिनीपासून उचलून वाशाला टांगावी, ते जमत नसेल तर हवा पूर्ण भरून ठेवावी. प्लास्टिकने गुंडाळू नये, आत घाम धरतो. जुनी चादर टाकली तर चालते. परत आल्यावर सायकल तयार हवी असेल तर गणपतीच्या निदान दोन आठवडे आधी गावातल्या कुणाकडून तरी सायकल पोचवा. चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात आमच्याकडे पंक्चर सोडून दुसरं काही होत नाही.