चार तारांच्या जागी सहा

माळ्यावरची चार तारांची शॉर्ट-स्केल (तारांची लांबी कमी, ३० इंच) बेस गिटार सहा तारांची करायला अखेर खोलली. फेंडर कंपनीच्या १९६१ च्या ‘बेस सिक्स’ या सहा तारांच्या बेसच्या तारांची लांबीही तेवढीच, म्हणून धीर आला. नट, म्हणजे मानेच्या टोकाची खाचांची पट्टी, ४२ मिलिमीटर रुंद, सहा तारा दाटीवाटीनं मावतात. छळलं ते हेडस्टॉकनं, म्हणजे चाव्या बसतात त्या शेंड्यानं! तारा ताणायच्या चाव्यांची जुनी भोकं लाकडी गुट्ट्या ठोकून बुजवली, मग नवी सहा पाडली. एक तिरकं गेलंच. आई म्हणाली, “सुताराकडे का नाही दिलंस रे?”

तारा खालच्या टोकाला टेकतात तो नवा ब्रिज निमूट बसला. २४ ते ८४ गेजच्या (जाडी, इंचाच्या हजारांश भागांत) तारा चढवल्या, तर दोन जवळजवळ मुक्या! तारांचं कंपन टिपणाऱ्या पिकअपचे चुंबकी खांब चारच, या दोघी बरोबर मधल्या फटीत. मग अखंड पट्टीचा पिकअप घातला. आता सगळ्यात जाड तार साध्या गिटारच्या जाड ‘ई’ तारेहून अख्खं सप्तक खाली घुमते, आणि स्वयंपाकघरातलं ताटाळं थरथरतं.