खाडीचा हिस्सा

"तुमच्या ट्रस्टच्या मागे नक्की आहे कोण?" रोहित पक्षी बघायला आलेली माणसं हे विचारतात, शाळांचे मुख्याध्यापक विचारतात, एकदा हळदीच्या पंगतीत शेजारी बसलेल्या पाहुण्यांनी विचारलं. नवी मुंबईत खाडीकाठी कुणी स्वतःचे पैसे घालतंय म्हटलं की मागे बिल्डर असणार, नाहीतर निवडणूक जवळ आली असणार, असं लोकांना वाटतं. त्यात त्यांची चूक नाही. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते.

ठाणे खाडी राखायला पैसे देणाऱ्या आमच्या कुटुंबाच्या ट्रस्टमागे कुणी मोठा माणूस नाही. पलीकडच्या तीरावर विक्रोळीला गोदरेज कुटुंबाने आपल्या जमिनीवरची कांदळवनं कित्येक दशकं राखली. कुटुंबाचं फाउंडेशन म्हटलं की तसं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. आमच्याकडे खाडीकाठची गुंठाभर जमीनही नाही. होती, ती गेली.

आम्ही नवी मुंबईतल्या करावे गावचे आगरी. 1970 साली सिडको, म्हणजे हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ, आली आणि शहरासाठी ज्या 95 गावांची जमीन घ्यायचं ठरलं, त्यात आमचीही गेली. आजोबांचं भात खारजमिनीतलं. उधाणाचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध, आणि पाणी आत-बाहेर करायला उघाडी. बाबा सांगतात, रात्री भरतीच्या वेळी आजोबा कंदील घेऊन बांधावर फेरी मारायचे. बांध फुटला तर नुसतं ते पीक जात नाही, जमीनच खारावते. अशी जपलेली जमीन कागदावरच्या एका सहीने गेली. 1984च्या जानेवारीत शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या आंदोलनात उरणकडे पाच शेतकरी गोळीबारात हुतात्मा झाले, तेव्हा बाबा विशीत होते. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के योजना आली. ज्याची जमीन घेतली त्याला तिच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायचा. सार्वजनिक सोयींसाठी कापून हातात प्रत्यक्षात पावणेनऊ टक्के येतात, हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं.

आमचा तो भूखंड विकायचा ठरला, तेव्हा घरात वाटणीची बैठक बसली. बाबा आणि काका दोघे भाऊ, आणि आत्या. रीत अशी की बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करायची, साडी घ्यायची आणि जेवून जायचं. वकील कागद घेऊन आलेले, काकूने वडे तळायला घेतलेले. आत्याने पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं. म्हणाली, "मना पैसा नको. पन खारीचा हिस्सा काढल्याशिवाय मी सई करनार नाय."

खारी म्हणजे खाडी. कुणाला काही कळेना. वकिलांनी विचारलं, खाडीच्या नावे सातबारा आहे का? आत्या म्हणाली, नाही, पण शेत होतं तेव्हा तिला भरतीची वाट दिलेली होती, आणि शेत गेल्यावर घर तिनेच चालवलं. ते खरंच होतं. जमीन गेल्यावर आजी आणि आत्या ओहोटीला चिखलात उतरायच्या. निवट्या, चिंबोऱ्या, खुबे, काठाची कालवं. टोपली भरली की बाजार. बाबांच्या मॅट्रिकची फी त्या टोपलीतून भरलेली आहे. "तीन भावंडांत चौथं हाय ते," आत्या म्हणाली. काका उठून ओट्यावर जाऊन बसले. ते आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. बाबांनी मात्र त्याच दिवशी होकार दिला.

म्हणून आमच्याकडे या पैशाला दान किंवा देणगी म्हणत नाहीत. बाबा चिडतात. हिस्सा म्हणायचं. चार हिस्से झाले, त्यातला एक ठाण्याच्या धर्मादाय कार्यालयात नोंदलेल्या ट्रस्टमध्ये गेला. मुद्दल बँकेत मुदत ठेवीत आहे, त्याला हात लावायचा नाही. खर्च फक्त व्याजातून, दर वर्षी ऑडिट. व्याजाचा दर उतरला की आमचं काम आक्रसतं, इतकं ते साधं आहे.

विश्वस्त पाच. त्यात काकाही आहेत, आणि हे मी मुद्दाम सांगते, कारण त्यांच्याशिवाय ट्रस्ट टिकला नसता. बाबा हळवे आहेत, कुणीही पक्ष्यांचं नाव घेतलं की खिसा मोकळा. काका दर पावतीला विचारतात, "ह्याने काय झालं?" त्यांच्या याच प्रश्नाने आमची सर्वांत मोठी चूक उघडी पडली.

सुरुवातीच्या वर्षी आम्ही तिवरांच्या, म्हणजे कांदळवनातल्या झाडांच्या, रोपांसाठी पैसे दिले. चांगली सपाट, मोकळी चिखलाची जागा बघून ओळीने रोपं लावली, फोटो काढले. पुढच्या पावसाळ्यानंतर काका एकटेच जाऊन मोजून आले. बहुतेक रोपं गेली होती. पण त्याहून वाईट गोष्ट पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या एका मुलीने आम्हाला दाखवली. ओहोटीला उघडा पडणारा तोच चिखल पाणपक्ष्यांचं ताट असतं. रोहित चोच उलटी करून पाणी गाळतो आणि त्यातलं शेवाळ खातो. तुतवार, चिखल्ये त्याच चिखलातले किडे टिपतात. तिथे झाडं जगली असती तर आम्ही त्यांची जेवायची जागाच बुजवली असती. तिवरांना त्यांची जागा आहे, चिखलाला त्याची. आत्या हे ऐकून म्हणाली, "मना विचारायचं व्हतं." आम्ही विचारलं नव्हतं. ज्या बाईने हिस्सा काढायला लावला, तिलाच विचारलं नव्हतं, याची मला आजही लाज वाटते.

त्यानंतर आत्याला घेऊन चिखलापर्यंत जायचं आणि मगच ठरवायचं, असा नियम झाला. पहिल्याच फेरीत तिने तिवराचं पान तोडून माझ्या हातात दिलं. "चाट." पानावर मिठाचे बारीक कण होते, बोटाला खरखरीत लागणारे. तिवर खारं पाणी पितं आणि जास्तीचं मीठ पानातून बाहेर टाकतं. मी विज्ञानाची शिक्षिका, वर्गात हे पंधरा वर्षं शिकवलं होतं. चाटलं नव्हतं कधी.

आता पैसे कशावर जातात? ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य 2015 साली जाहीर झालं, सुमारे 1,690 हेक्टर, ऐरोलीच्या पुलापासून वाशीच्या पुलापर्यंत. 2022 साली ठाणे खाडी जगातल्या महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत गेली. तिथे सरकार आहे, वन विभागाचा कांदळवन कक्ष आहे. पण भरती चढली आणि खाडीतला चिखल बुडाला की रोहित उडून अलीकडे नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळांवर येऊन उभे राहतात, आणि ती अभयारण्याच्या रेषेबाहेर आहेत. त्या तलावांचा जीव खाडीशी जोडणाऱ्या नाळीत असतो. नाळ बुजली की पाणी आत येत नाही आणि तळ कोरडा पडतो. 2024च्या उन्हाळ्यात नेरूळच्या एका तलावाचं असंच झालं, रोहित मेले. त्याच्या आधी एका नाळीबद्दल आम्ही एका कार्यालयात तीनदा अर्ज दिला होता. पोच मिळाली, उत्तर नाही.

बाबा तेव्हा काठावर उभे राहून एवढंच म्हणाले, "उघाडी बंद ठेवून कुठे शेत पिकतं?"

म्हणून आमच्या व्याजातला मोठा भाग गावातल्या दोन मुलांच्या पगाराला जातो. नोव्हेंबर ते मे, रोज भरतीच्या वेळी ती पाण्याची पातळी आणि पक्षी वहीत टिपतात, वन विभागाच्या परवानगीने नाळीच्या तोंडाशी अडकलेलं प्लास्टिक काढतात. गमबूट, हातमोजे, बॅटरी. जखमी पक्षी सापडला तर रिक्षाचं भाडं. एका विद्यार्थिनीची फी. मोठ्या संस्थांच्या यादीत अशा खर्चाला रकाना नसतो, आणि हाच खर्च थांबला की वही थांबते. अर्ज घेऊन जाताना आता ती वही बरोबर नेते. तारखेसकट लिहिलेलं असलं की समोरच्याला मान वर करून बघावं लागतं.

आत्या मागच्या वर्षी गेली. तिच्या जागी तिची सून विश्वस्त झाली, बँकेत असते, व्याजाचं गणित काकांपेक्षा पक्कं आहे. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत तसा चेंज रिपोर्ट दाखल करायचा असतो, म्हणून मी जुनं ट्रस्ट डीड काढलं. बाबांच्या नावापुढे 'धंदा : नोकरी'. काकांच्या नावापुढे 'धंदा : व्यापार'. आत्याच्या नावापुढे 'धंदा : घरकाम', जसं आपल्याकडे प्रत्येक बाईच्या नावापुढे टाइप होतं. जुन्या नोंदीशी जुळायला हवं म्हणून मीही तेच उतरवलं आणि खाली सही केली. तुम्ही मागे कोण आहे असं विचारलंत, तर तिचा धंदा खाडीवर जाण्याचा होता, एवढं इथे दुरुस्त करून ठेवते.